क्रॉप-सेन्सर कॅमेऱ्यासाठी फास्ट टेली-झूम लेन्स कशी निवडावी

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये मराठी नाटकाचा प्रयोग ज्या गावात केला, त्या सांगलीत कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या माणसाला नाट्यगृहाचा अंधार चुकत नाही. त्याच माणसाला जत्रांच्या हंगामात कुस्तीच्या मैदानावर बोलावणे येते आणि तिथली सगळ्यात मोठी कुस्ती नेमकी दिवस मावळता मावळता लागते. मिरजेच्या संगीतसभा, मंगल कार्यालयातले लग्न, शाळेचे स्नेहसंमेलन या सगळ्या ठिकाणी अडचण एकच असते. जवळ जाता येत नाही, उजेड पुरत नाही, फ्लॅश मारणे शोभत नाही आणि समोरचा माणूस स्थिर नसतो. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली ५५-२५० किंवा ७०-३०० ही किट लेन्स (हे आकडे फोकल लेंथचे, म्हणजे लेन्स किती लांबचे जवळ आणते त्याचे, मिलिमीटरमधले) इथे अपुरी पडते आणि मग जो तो सांगतो की ७०-२०० एफ/२.८ घ्या.

मीही हा सल्ला ऐकून जुनी ७०-२०० घेतली होती. पहिल्याच प्रयोगाला चौथ्या रांगेतून फोटो काढताना लक्षात आले की ऐतिहासिक नाटकातल्या नटाचे एक तर जोडे चौकटीत येतात किंवा पगडी येते. दोन्ही एकदम येत नाहीत. लेन्स उत्तम होती, पण माझ्या क्रॉप-सेन्सर कॅमेऱ्यावर आणि माझ्या जागेवरून ती फार लांबची होती. क्रॉप-सेन्सरवर अशी लेन्स निवडताना तिच्या लांबच्या टोकाइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, विचार तिच्या जवळच्या टोकाचा करावा लागतो आणि तो विचार दुकानात नव्हे, तर आपण जिथे उभे राहतो तिथे जाऊन करावा लागतो, असे माझे आता ठाम मत आहे. पुढचा सगळा क्रम त्याच मतावर आधारलेला आहे.

आधी दोन संकल्पना स्पष्ट करून घेऊ

फास्ट लेन्स म्हणजे मोठे ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचे मोठे भोक, उघडणारी लेन्स; एफच्या पुढचा आकडा जितका लहान, तितके ॲपर्चर मोठे. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/४ दुप्पट उजेड आत घेते आणि एफ/२.८ चौपट. एफ/१.८ ही एफ/२.८ च्याही सुमारे अडीचपट पुढे जाते. याचा व्यवहारातला अर्थ असा की, एखाद्या प्रवेशात १/२५० सेकंदाच्या शटर स्पीडला किट लेन्सवर एफ/५.६ ला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १२८०० लागत असेल, तर तोच फोटो एफ/२.८ ला आयएसओ ३२०० वर निघतो. चेहऱ्यावरची कातडी आणि रंगभूषा यांतला फरक ३२०० वर दिसतो, पण लहान सेन्सरच्या बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत १२८०० वर तो पुसला जातो. झूम पूर्ण लांब केल्यावरही ॲपर्चर तेवढेच राहणे, म्हणजे ५० ला २.८ आणि १५० लाही २.८ असणे, हे अशा लेन्सचे दुसरे लक्षण.

क्रॉप-सेन्सर म्हणजे सुमारे २३ × १५ मिलिमीटरचा सेन्सर. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. फुल फ्रेमच्या तुलनेत चौकट किती पट आकसते, तो गुणक कॅननमध्ये १.६ आहे, निकॉन, सोनी आणि फुजीफिल्ममध्ये १.५ आहे. म्हणून ७०-२०० ही लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर फुल फ्रेमवरच्या १०५-३०० किंवा ११२-३२० इतकी चौकट दाखवते. लेन्सची फोकल लेंथ बदलत नाही, फक्त चौकट आकसते. एक्सपोजरच्या दृष्टीने एफ/२.८ हे एफ/२.८ च राहते. मात्र तेवढ्याच चौकटीसाठी पार्श्वभूमी जितकी धूसर होते, ती फुल फ्रेमवरच्या साधारण एफ/४ एवढीच होते. लग्नाच्या अल्बममधली लोण्यासारखी विरघळलेली पार्श्वभूमी फुल फ्रेमची पाहून कोणी क्रॉप-सेन्सरवर तशीच अपेक्षा ठेवली, तर त्याने हा फरक आधीच धरून चालावे.

पहिले काम: अंतर मोजणे

यासाठी एक सोपा हिशेब आहे आणि तो मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. कॅमेरा आडवा धरून उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी जागा सोडून टिपायचा असेल, तर चौकटीत सुमारे दोन मीटर उंची मावली पाहिजे. तेव्हा लागणारी फोकल लेंथ म्हणजे मीटरमधले अंतर गुणिले साडेसात. दहा मीटरवरच्या माणसासाठी ७५ मिमी, वीस मीटरवरच्या माणसासाठी १५० मिमी. चौकट दोन मीटर उंच असली की ती तीन मीटर रुंद असते, त्यामुळे एकमेकांना भिडलेल्या दोन पैलवानांसाठीही हाच आकडा चालतो. कमरेपासून वरचा भाग हवा असेल, किंवा बैठकीवर बसलेला गायक तंबोऱ्यासकट नव्हे तर एकटाच हवा असेल, तर साडेसातऐवजी पंधराने गुणावे. कॅमेरा उभा धरून पूर्ण माणूस घ्यायचा असेल, तर साधारण सव्वाअकराने गुणावे.

आता हाच हिशेब उलटा करून पाहू. ७० मिमीला उभा माणूस आडव्या चौकटीत मोकळेपणाने मावायचा असेल, तर तो किमान सव्वानऊ मीटर लांब हवा. ५० मिमीला पावणेसात मीटर पुरतात. हा अडीच मीटरचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण नाट्यगृहात तो तीन-चार रांगांचा फरक असतो आणि मंगल कार्यालयात तो अनेकदा भिंतीच्या पलीकडे जातो. माझ्या जागेवरून रंगमंचाचा मध्य आठ मीटरवर होता. आठ साते छप्पन्न आणि वरचे चार, म्हणजे साठ मिमी. माझी लेन्स सत्तरला सुरू होत होती. जोडे आणि पगडी यांचा प्रश्न इथूनच आला.

दुसऱ्या टोकाचाही हिशेब करावा. कुस्तीच्या मोठ्या मैदानात प्रेक्षक गोलाकार बसलेले असतात आणि आयोजकांनी आखाड्याच्या कडेला बसू दिले, तर कुस्ती सहा-सात मीटरवर असते. मागे बसवले, तर पंचवीस मीटरवर जाते. पंचवीस मीटरवर दोन पैलवानांसाठी सुमारे १९० मिमी लागते आणि एकाचाच चेहरा, मातीने माखलेले खांदे आणि पकड एवढेच हवे असेल, तर २०० मिमीही कमी पडते. म्हणून आपल्याला मैदानात कुठे बसवतात, हा प्रश्न लेन्सच्या यादीआधी येतो.

अंतर मोजायला टेप लागत नाही. आपले पाऊल साधारण पाऊण मीटरचे असते. प्रयोगाआधी रिकाम्या सभागृहात खुर्चीपासून रंगमंचापर्यंत चालत जावे आणि रंगमंचाच्या खोलीसाठी दोन-तीन मीटर धरावेत. तीन ठिकाणची अशी मोजणी झाली की आपल्या गरजेचा फोकल लेंथचा पट्टा आपोआप समोर येतो.

दुसरे काम: जुने फोटो बोलतात ते ऐकणे

किट झूमने काढलेले मागच्या चार-पाच कार्यक्रमांचे फोटो संगणकावर उघडावेत आणि प्रत्येक चांगल्या फोटोची फोकल लेंथ पाहावी. ही माहिती फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेली असते. कागदावर चार रकाने करावेत: ७० च्या खाली, ७० ते १००, १०० ते १५० आणि १५० च्या पुढे. फक्त ग्राहकाला दिलेले किंवा आपण जपून ठेवलेले फोटो मोजावेत, टाकून दिलेले मोजू नयेत. माझ्या नाटकांच्या फोटोंत निम्म्याहून जास्त फोटो ५० ते १०० च्या दरम्यान निघाले आणि कुस्तीचे जवळजवळ सगळे १५० च्या पुढे. या दोन कामांसाठी एकच लेन्स आदर्श नाही, हे मला त्या कागदानेच दाखवले. ज्याचे काम एकाच प्रकारचे आहे, त्याची निवड इथेच अर्धी होऊन जाते.

त्याच फोटोंतून उजेडाचाही अंदाज घ्यावा. नाटकातल्या संवादाच्या प्रवेशाला १/१६० ते १/२५० शटर पुरते, नृत्याला १/५०० लागते. कुस्तीत दोघे खडाखडी करून पकडीत अडकलेले असतात तेव्हा १/३२० ला काम भागते, पण एकाने ढाक लावून दुसऱ्याला हवेत उचलले तर १/१००० खाली हातपाय फरफटतात. दिवस मावळल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मला एफ/२.८, १/१००० ला आयएसओ ६४०० वर जावे लागले आहे. किट लेन्सने तिथे २५६०० लागले असते, म्हणजे त्या क्षणाचा फोटो नसल्यातच जमा. उलट आपले सगळे कार्यक्रम भरदुपारी मोकळ्या मैदानात होत असतील, तर एफ/२.८ साठी एवढे पैसे आणि वजन घेण्याचे कारण नाही. कॅननची ७०-२०० एफ/४ आयएस ही ७६० ग्रॅमची लेन्स तेवढ्या कामासाठी अतिशय समाधान देते.

पक्ष्यांसाठी ही लेन्स घेऊ पाहणाऱ्यांनाही इथेच थांबवावेसे वाटते. कृष्णाकाठी वीस मीटरवर बसलेला, सुमारे २८ सेंटिमीटर लांबीचा खंड्या २०० मिमीला सेन्सरवर जेमतेम तीन मिलिमीटर होतो, म्हणजे चौकटीच्या उंचीचा पाचवा भाग. १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारे, फोकल लेंथ वाढवणारे भिंग) लावला, तर २०० चे २८० होते आणि एफ/२.८ चे एफ/४; दुप्पट कन्व्हर्टरने ४०० मिमी एफ/५.६ मिळते, पण धार आणि फोकसचा वेग दोन्ही कमी होतात. सागरेश्वरच्या हरणांसाठी वर्षातून दोनदा कन्व्हर्टर चालेल. पक्षी हेच मुख्य काम असेल, तर फास्ट झूमचा नाद सोडून ४०० किंवा ६०० मिमीपर्यंत जाणारी लेन्स पाहावी.

तिसरे काम: दोन घराण्यांतून एक निवडणे

क्रॉप-सेन्सरवाल्यापुढे मुळात दोन घराणी आहेत. एक घराणे खास लहान सेन्सरसाठी बनवलेल्या लेन्सचे आणि दुसरे फुल फ्रेमसाठी बनवलेल्या ७०-२०० चे.

पहिल्या घराण्यात लेन्स थोड्या आहेत, पण विचारपूर्वक बनवलेल्या आहेत. फुजीफिल्मची ५०-१४० एफ/२.८ ही २०१४ मध्ये आली. कॉलर (ट्रायपॉडला जोडायची कडी) काढल्यावर तिचे वजन ९९५ ग्रॅम आहे, तिच्यात स्थिरीकरण, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, आहे आणि हवामानापासून संरक्षणही आहे. फुजीचा कॅमेरा असेल, तर माझ्या मते फार शोधत बसू नये. टोकिनाची ५०-१३५ एफ/२.८ ही ८४५ ग्रॅमची, स्थिरीकरण नसलेली लेन्स कॅनन आणि निकॉनच्या डीएसएलआरसाठी (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांसाठी) होती. सिग्माची ५०-१५० एफ/२.८ दोन रूपांत सापडते: आधीची, पाऊण किलोच्या आसपास वजनाची, स्थिरीकरण नसलेली, आणि २०११ ची, स्थिरीकरणासह, पण १३४० ग्रॅमची. टोकिना आणि ही सिग्मा आता नवीन मिळत नाहीत, जुन्या बाजारातच शोधाव्या लागतात. सिग्माचीच २०१६ ची ५०-१०० एफ/१.८ ही या घराण्यातली सर्वांत निराळी लेन्स आहे. तिची पोच कमी आहे, तिच्यात स्थिरीकरण नाही आणि वजन १४९० ग्रॅम आहे, परंतु नाट्यगृहातल्या निळ्या, मंद प्रवेशात ती जे टिपते, ते दुसऱ्या कोणत्याही झूमला जमताना मी पाहिलेले नाही. त्या लेन्सला आठ मीटरवर माझा नट पगडीसकट मावतो आणि आयएसओ १२५० वर राहतो.

दुसऱ्या घराण्यातली नावे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांतले आयएस आणि व्हीआर म्हणजे कंपन्यांनी स्थिरीकरणाला दिलेली नावे. कॅननची ७०-२०० एफ/२.८ एल आयएस २ ही २०१० ची लेन्स १४९० ग्रॅमची आहे; निकॉनची व्हीआर २ ही २००९ ची आणि १५४० ग्रॅमची; टॅमरॉनची जी२ ही २०१७ ची आणि साधारण दीड किलोची. हे वजन उगाच नाही. २०० मिमीला एफ/२.८ मिळण्यासाठी उजेडाची वाट किमान ७१ मिलिमीटर रुंद लागते, म्हणून पुढचे भिंग मोठे आणि फिल्टर ७७ मिमीचा. १४० मिमीला एफ/२.८ साठी ५० मिलिमीटर पुरतात. पहिल्या घराण्याच्या लेन्स लहान असण्याचे कारण हेच. निकॉनच्या २००३ च्या पहिल्या व्हीआर लेन्सची फुल फ्रेमवर कोपरे काळे पडण्याबद्दल तक्रार होत असे. आपला सेन्सर ते कोपरे वापरतच नाही, त्यामुळे स्वस्तात मिळाली तर ती आपल्यासाठी चांगला सौदा आहे. व्हीआर २ मध्ये उलट प्रकार आहे: अगदी जवळच्या माणसावर फोकस केल्यावर तिची २०० मिमी प्रत्यक्षात १३५ च्या आसपास भरते, जे नवरीच्या मेंदीचा जवळून फोटो घेताना जाणवते.

मिररलेसमध्ये, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, टॅमरॉनच्या सोनीसाठीच्या ७०-१८० एफ/२.८ ने वजनाचा प्रश्न बराच सोडवला: २०२० ची पहिली आवृत्ती ८१० ग्रॅमची, स्थिरीकरणाशिवाय, २०२३ ची दुसरी ८५५ ग्रॅमची, स्थिरीकरणासह. सोनीचा क्रॉप-सेन्सर कॅमेरा असेल आणि अंतराचा हिशेब नऊ मीटरच्या पुढे निघत असेल, तर मी दुसरी आवृत्ती घेईन.

माझा निष्कर्ष असा की नाटक, संगीत आणि कार्यालयातले लग्न हे ज्याचे काम आहे त्याने ५० ला सुरू होणारी लेन्स घ्यावी, आणि कुस्ती, कबड्डी, मैदानी खेळ हे ज्याचे काम आहे त्याने ७०-२०० घ्यावी. ज्याला पुढे फुल फ्रेमकडे जायचेच आहे, त्यालाही ७०-२०० पुढे वापरता येते. पण पाच वर्षांनंतरच्या कॅमेऱ्यासाठी आज चुकीची लेन्स घेणे मला पटत नाही.

चौथे काम: बॉडीशी जुळते का ते पाहणे

इथे जुनी लेन्स घेणारे सर्वांत जास्त फसतात. निकॉनच्या जुन्या ८०-२०० एफ/२.८ डी प्रकारच्या काही लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती कॅमेऱ्यात असावी लागते. डी९०, डी३०० आणि डी७००० मालिकेत ती आहे. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत नाही, तिथे ही लेन्स हाताने फोकस करावी लागते. निकॉनच्या झेड मालिकेतल्या कॅमेऱ्यांना ॲडॉप्टर लावूनही या लेन्सना स्वयंचलित फोकस मिळत नाही. याउलट निकॉनची २०१६ ची ७०-२०० एफ/२.८ ई ही डी९० किंवा डी३००० वर लावली, तर ॲपर्चर नियंत्रित होत नाही. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असते आणि त्या सर्व क्रॉप-सेन्सर डीएसएलआरवर चालतात. आर१०, आर५० किंवा आर७ वर त्या ॲडॉप्टरने व्यवस्थित चालतात.

स्थिरीकरणाचा विचारही बॉडीबरोबरच करावा. सोनीच्या ए६४०० मध्ये, निकॉनच्या झेड५० मध्ये, कॅननच्या आर१० आणि आर५० मध्ये सेन्सरचे स्थिरीकरण नाही. सोनी ए६६००, ए६७०० आणि कॅनन आर७ मध्ये आहे. बॉडीत नसेल आणि लेन्समध्येही नसेल, तर २०० मिमीला हातातून काढताना किमान १/३०० च्या आसपास शटर ठेवावे लागते. स्थिरीकरण आपला हात सावरते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. कुस्तीत १/१००० ला त्याचा फारसा उपयोग नाही. मिरजेच्या सभेत डोळे मिटून आलाप घेणाऱ्या गायकाला १/१२५ ला टिपताना मात्र तेच फोटो वाचवते. त्यामुळे स्थिरीकरण नाही म्हणून एखादी लेन्स बाद करण्याआधी आपला शटर स्पीड कोणता असतो, ते जुन्या फोटोंत पाहावे.

डीएसएलआरवाल्यांसाठी आणखी एक बाब. २०० मिमी, एफ/२.८ ला दहा मीटरवर फोकसची खोली सुमारे २७ सेंटिमीटर असते आणि पाच मीटरवर ती सहा-सात सेंटिमीटरवर येते. एवढ्या पातळ पट्ट्यात फोकस थोडा पुढे-मागे पडला, तर नाक धारदार आणि डोळे मऊ येतात. फोकस बारीक जुळवण्याची सोय लहान बॉडीत बहुधा नसते. सिग्मा आणि टॅमरॉनच्या काही नव्या लेन्स संगणकाला जोडून जुळवता येतात. बॉडीत सोय नसेल, तर ही गोष्ट निवडीत धरावी. मिररलेसमध्ये सेन्सरवरच फोकस होत असल्याने हा प्रश्न सहसा येत नाही.

पाचवे काम: भाड्याने घेऊन वापरणे

यादी दोन लेन्सवर आली की त्यांतली प्रत्येक एका खऱ्या कार्यक्रमासाठी भाड्याने घ्यावी. दुकानात पाच मिनिटे हातात धरून दीड किलोचे वजन कळत नाही; हळदीपासून वरातीपर्यंत आठ तास धरल्यावर मनगट आणि खांदा दोन्ही खरे सांगतात. पावणेपाचशे ग्रॅमच्या बॉडीला दीड किलोची लेन्स लावल्यावर कॅमेऱ्याच्या पट्ट्याने गळ्यात अडकवून फिरू नये, कारण सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या जोडावर, येतो. डावा तळवा लेन्सखाली हवा आणि पट्टा लेन्सच्या कॉलरला हवा. नाट्यगृहात मोनोपॉड (एकपायी स्टँड) फार उपयोगी पडतो आणि मागच्या प्रेक्षकाला त्रासही होत नाही. त्याच कार्यक्रमात फोकसच्या मोटरचा आवाजही ऐकून घ्यावा, कारण रंगमंचावर शांतता असते तेव्हा शेजारच्या रांगेला तो ऐकू जातो.

सहावे काम: जुनी लेन्स तपासून घेणे

या वर्गातली नवी लेन्स महाग असल्याने आपल्यापैकी बरेच जण जुनीच घेतात, मीही घेतो. आपल्या भागात त्यासाठी एक जादा तपासणी लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी सांगलीच्या घराघरांत आणि दुकानांत शिरले होते. पाण्यात गेलेली लेन्स सुकवली की काही महिने चालते आणि मग आतून बिघडू लागते. मला दाखवायला आणलेली एक ७०-२०० वरून चकचकीत होती, पण झूम रिंगच्या रबराची कड नखाने उचलली तेव्हा खाली बारीक, पिवळट गाळाची सुकलेली रेघ होती, आणि माउंटच्या एका स्क्रूच्या खाचेत तांबूस गंज. विकणाऱ्याला ते ठाऊक होते की नाही, हे मी विचारले नाही. लेन्स परत केली. तेव्हापासून रबराची कड, स्क्रूच्या खाचा आणि कॉलरच्या आतली बाजू मी आधी पाहतो.

त्यानंतर टॉर्च घेऊन लेन्सच्या मागच्या बाजूने उजेड टाकावा आणि पुढून तिरके पाहावे. धुळीचे चार-दोन कण फोटोत दिसत नाहीत, त्यांच्यासाठी सौदा मोडू नये. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी आहे आणि भिंगावरचे धुके दिसले, तर बहुधा तेल उडालेले आहे. दोन्हींपासून दूर राहावे. ॲपर्चरची पाती कोरडी हवीत. स्थिरीकरण सुरू केल्यावर हलकी घरघर चालेल, खडखड चालणार नाही. झूम दोन्ही टोकांपर्यंत न अडखळता फिरायला हवी. बिलावरचा अनुक्रमांक लेन्सवरच्या क्रमांकाशी जुळवावा आणि मूळ बिल मागून घ्यावे. बिलाशिवाय बाहेरून आणलेल्या लेन्सला भारतातली वॉरंटी सहसा लागू होत नाही, हे किंमत ठरवताना लक्षात घ्यावे. ज्यांचा व्यवसाय नोंदणीकृत आहे, त्यांनी नवी लेन्स घेताना बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा.

शेवटी दोन फोटो काढावेत. विटांची भिंत आठ-दहा मीटरवरून, कॅमेरा तिला समांतर ठेवून, पूर्ण उघड्या ॲपर्चरला टिपावी आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. एकच कोपरा मऊ असेल, तर बहुधा आतले भिंग सरकलेले आहे आणि लेन्स कधीतरी पडलेली असू शकते. दुसरा फोटो फोकसचा: शिंप्याचा टेप टेबलावर तिरका पसरून ठरावीक आकड्यावर फोकस करावा आणि धार त्याच आकड्यावर आहे का ते पाहावे. ही चाचणी झूमच्या दोन्ही टोकांना करावी, कारण एका टोकाला बरोबर असलेला फोकस दुसऱ्या टोकाला चुकलेला मी पाहिला आहे.

लेन्स घरी आल्यानंतर

आखाड्याची तांबडी माती हळद, ताक, तेल आणि लिंबू घालून मळलेली असते. ती उडून भिंगावर बसली, तर कोरड्या कापडाने पुसू नये, आधी फुंकणीने उडवावी. तिथे पुढे यूव्ही फिल्टर आणि हूड दोन्ही असावेत. नाट्यगृहात मात्र फिल्टर काढून ठेवावा. काळोख्या रंगमंचावर एकच स्पॉट असताना फिल्टरच्या काचेवरून त्याची भुतासारखी हिरवट प्रतिमा फोटोत दुसऱ्या बाजूला उमटते आणि ती नंतर काढता येत नाही. रंगमंचावर एलईडी दिवे असतील आणि फोटोत आडवे पट्टे दिसू लागले, तर शटर १/१०० वर आणून पाहावे, कारण आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्यात फ्लिकर टाळण्याची सोय असेल, तर ती प्रयोगाआधीच चालू करावी.

जून ते ऑक्टोबर लेन्स चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत बंद ठेवू नये. आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांवर ठेवणारे ड्राय कॅबिनेट परवडले तर उत्तम. नाही तर रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक एवढ्यावर माझ्या लेन्स गेली कित्येक वर्षे बुरशीवाचून आहेत. निळे सिलिका जेल गुलाबी झाले की ते मंद आचेवर, स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या भांड्यात गरम करून पुन्हा निळे करून घ्यावे. डबा घराच्या वरच्या मजल्यावर ठेवावा, आणि आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून झूम रिंग दोन-चार वेळा फिरवून चार फोटो काढावेत.